चिकटणारी फ्लीस: पिशवीला आधार की नुसता डोक्याला ताप?

कातरण
भांडायला धागा काढलेला नाही. पण झालंच भांडण तर मी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फ्यूजिबल फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर तंतूंचा मऊ, फुगीर थर. एका बाजूला गोंदाचे ठिपके असतात. ती बाजू कापडाच्या उलट्या अंगाला ठेवून इस्त्री दाबली की गोंद वितळतो आणि थर कापडाला धरतो. पिशवी, पाऊच, टेबलमॅट यांना अंग येतं. गळ्याला, कॉलरला लावतो त्या फ्यूजिंगची ही गुबगुबीत बहीण.

गेली दोन वर्षं मी खणाच्या डबापिशव्या शिवते, आधी घरच्यांसाठी आणि मग ओळखीत विकायला. इंटरनेटवर बघून बघून मीही ऑनलाइन फ्लीस मागवायला लागले. शिवताना फार सुख वाटतं हे कबूल. पिशवी टेबलावर ठेवली की कशी ऐटीत उभी राहते!

मग गेल्या महिन्यात नणंदबाई मी दिलेली पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, हिला देवी आल्या का हो?" तीन धुण्यांत खणावर फोडच फोड आले होते. घरी अस्तर उसवून पाहिलं. मधली फ्लीस पापुद्र्यासारखी सुटून आली, आणि खणाच्या मागे राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे गोंदाचे ठिपके तसेच राहिले होते.

माझं म्हणणं असं. आपल्याकडे पिशवी धुणं म्हणजे साबणात भिजवणं, तळाला ब्रश मारणं आणि पिळून काढणं. एवढं सोसायला गोंदावर भरवसा ठेवायचाच कशाला? आजीची वाकळ माझ्या मुलींनी पांघरली. जुन्या सुती लुगड्यांचे थर आणि धावदोरा, बस. आणि फ्लीस लावूनही क्विल्टिंगच्या, म्हणजे सगळे थर एकत्र धरणाऱ्या टिपा मारायलाच लागतात. टिपाच धरणार असतील तर गोंद कशाला हवाय?

बॉबिन१५
साफ असहमत. मी पिशव्या शिवून विकते, पोटापाण्यासाठी. चार प्रश्न विचारते, राग मानू नका.

कापड आधी पाण्यातून काढलं होतं का? खण खरा होता की खणासारखा? इस्त्री उचलून-दाबून केली की कपड्यांना करतो तशी फिरवली? चिकटवल्यावर तुकडा सपाट ठेवून पूर्ण गार होऊ दिला का?

नव्या कापडाला खळ असते, त्यावर गोंद नीट बसत नाही. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. कापड आखडलं, फ्लीस आहे तेवढीच राहिली, की गोंदावर ताण येतो आणि मधे फुगे धरतात. त्यात फ्लीसचा काय दोष? भिजत न घातलेल्या कापडाचा ब्लाउज आटला तर सुईला शिव्या देतो का आपण?

कातरण
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पाण्यातून काढलं नव्हतं. खण पॉलिएस्टरमिश्रित होता, दुकानदाराने "एकदम ओरिजिनल" म्हणून दिला होता.

पण मग हेच बघा. फ्लीस नीट चिकटायला इस्त्री लोकरीच्या खुणेवर हवी, वर ओलं फडकं हवं. एवढ्या उष्णतेला असला खण चकाकायला लागतो. कमी उष्णतेवर केली तर गोंद अर्धवट वितळतो. उलटं करून फ्लीसच्या बाजूने दाबावं तर ती पापडासारखी चपटी होते, म्हणजे ज्यासाठी आणली तो फुगीरपणाच जातो. आज बाजारात खण, इरकल, पैठणी म्हणून मिळणारं निम्मंअधिक कापड असंच मिश्र आहे हो. मग आपण शिवतो त्या मालाला हे चालतं कुठे?

बॉबिन१५
खणाला थेट चिकटवूच नका. पातळ सुती कापड, मांजरपाट चालेल, धुऊन घ्या. फ्लीस त्याला चिकटवा. वर खण ठेवून टिपा मारा. खणाला उष्णता लागतच नाही. माझ्या सगळ्या पैठणी-काठाच्या पर्स अशाच असतात.

कातरण
म्हणजे गोंद वाचवायला आणखी एक कापड! 😄

कोकणी_धुणं
कातरणताई, वाकळीचं कौतुक देशावर बसून करणं सोपं आहे. आमच्याकडे या.

मीही सुती थरांचीच होते. जुन्या साडीचे चार पदर घालून बाजारची पिशवी केली, सुरेख झाली. श्रावणात एकदा मासळीचं पाणी सांडलं म्हणून धुतली. पहिल्या दिवशी ओली, दुसऱ्या दिवशी ओली, तिसऱ्या दिवशी वरून सुकी आणि आतून दमट. चौथ्या दिवशी वास. तळाशी काळे ठिपके पडले ते पुढे कशानेच गेले नाहीत. पॉलिएस्टर पाणी धरून ठेवत नाही. तशीच पिशवी फ्लीस घालून केली, रात्री पंख्याखाली टांगली तर सकाळपर्यंत कोरडी. माझं मत फ्लीसला.

धावदोरा
कातरणशी १०० टक्के सहमत. शिवाय हे सगळं प्लास्टिकच की. घरातल्या साड्या सोडून प्लास्टिक विकत आणायचं आणि वर त्याला हस्तकला म्हणायचं.

कोकणी_धुणं
@धावदोरा, बुरशी आलेली सुती पिशवी शेवटी फेकूनच दिली हो मी.

गुडघे_बोलतात
वय ६३. कातरणताईंनी विचारलंय ना, टिपा मारायच्याच तर गोंद कशाला, त्याचं उत्तर माझ्या गुडघ्यांकडे आहे.

थर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालावे लागतात. त्यासाठी जमिनीवर सगळं पसरा, चारी बाजूंनी रांगत टाचा, मशीनवर टीप मारा आणि मग कच्चा दोरा ओढत बसा. आता खाली बसले तर उठवायला माणूस लागतं. फ्लीस मी ओट्यावर उभ्याने चिकटवते आणि सरळ मशीनवर घेते. गोंदाने जन्मभर धरावं अशी अपेक्षाच नाही माझी. टीप पडेपर्यंत धरलं, काम झालं.

बॉबिन१५
काकू, हेच मला म्हणायचं होतं, इतकं नेमकं जमलं नाही. गोंद म्हणजे कच्चा टाका. पक्की टीप आपणच मारायची.

कातरण
काकू, हा मुद्दा मान्य. याचा विचार केला नव्हता, कारण अजून मांडी घालून बसता येतं.

मशीनवाले_काका
४० वर्षं टेलरिंग केलं. तुम्ही सगळ्या गोंदाबद्दल बोलताय, इस्त्रीबद्दल कोणी बोलत नाही. घरातली इस्त्री हलकी, त्यात वाफेची भोकं. भोकाखाली दाब नाही, तिथे चिकटत नाही. त्यामुळे कोरड्या इस्त्रीने करा, एका जागी १० ते १५ सेकंद दाबा, उचला, शेजारी अर्धी जागा झाकून परत दाबा. पलंगावर करू नका, गादी दाब खाते. टेबलावर चादरीची घडी टाकून करा. मनगट दुखलं तर समजा बरोबर चाललंय.

दुसरं. शिलाईच्या मायेत, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या कडेत, फ्लीस ठेवू नका. कापडापेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर आत कापा, नाहीतर पट्टा जोडता तिथे इतकी जाडी होते की सुई मोडते. सुई १६ नंबर, टाका जरा मोठा.

कातरण
काका, हेच तर! मायेतून फ्लीस कापून टाकली म्हणजे कडेच्या शिलाईत ती अडकतच नाही. तिला धरायला फक्त गोंद. गोंद सुटला की ती आत गोळा होऊन तळाशी बसणार. माझ्या पिशवीत गोंद असाच सुटला होता.

मशीनवाले_काका
म्हणून आडव्या-उभ्या टिपा. तुम्ही मारल्या होत्या का?

कातरण
...खणावरची नक्षी मोडते म्हणून नव्हत्या मारल्या.

मशीनवाले_काका
मग बोलणंच खुंटलं.

म्युनिकची_मावशी
इथे जर्मनीत शिवणाच्या दुकानात ही वस्तू बकरमसारखी सहज मिळते. फ्लिझेलिन ब्रँडची एच ६३० पातळ, एच ६४० जाड. अमेरिकेतल्या बहिणीकडे पेलॉनची ९८७ एफ असते. सोबतच्या सूचनेत ओलं फडकं आणि गार होईपर्यंत न हलवणं हे दोन्ही लिहिलेलं असतं, पण सूचना वाचतो कोण! तरी कातरणचं एक मला पटतं. इथली पिशवी सहा महिन्यांतून एकदा मशीनमध्ये थंड पाण्यात फिरते. आईकडे पुण्यात तीच पिशवी दर रविवारी बादलीत बुडते. इथल्या बायका टिकते म्हणतात ते त्यांच्या धुण्याला टिकतं.

नवशिकी_सुई
मध्येच विचारते. उरलेल्या फ्लीसचे गरम भांडी धरायचे पॅड केले तर चालतील ना? रंगीत तुकडे बरेच आहेत.

बॉबिन१५
नको! फ्लीसची कितीही बाजू घेत असले तरी इथे माझा ठाम नकार. पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं. गॅसवर तापत राहिलेला बिडाचा तवा त्याच्या पुढे जाऊ शकतो, आणि गॅसच्या ज्योतीचं तर बोलायलाच नको. सुती कापड काळं पडतं, जळतं, पण वितळून हाताला चिकटत नाही. पॅडला जुन्या सुती टॉवेलचे दोन-तीन थर घाला. वरचं कापड, अस्तर आणि दोरासुद्धा सुतीच घ्या.

कातरण
चला, एका गोष्टीवर तरी एकमत.

धावदोरा
बघा, शेवटी सुतीच.

गुडघे_बोलतात
@धावदोरा, पॅड वीतभर असतो हो, तो मांडीवर घेऊन शिवता येतो. पिशवीची अख्खी बाजू येत नाही.

नवशिकी_सुई
बरं झालं विचारलं. मग त्या तुकड्यांचं काय करू?

बॉबिन१५
चष्म्याची घरं करा. किंवा दोन तुकडे कडेला कड लावून, खालून पातळ फ्यूजिंगची पट्टी चिकटवून जोडा. एकावर एक चढवू नका, इस्त्रीनंतर वरून वळ दिसतो.

कातरण
काल रात्री बसून दोन पाऊच केले, एकाच धुतलेल्या सुती इरकलीचे. एकात फ्लीस, बॉबिनच्या पद्धतीने आणि काकांच्या दाबाने, मनगट खरंच दुखलं. दुसऱ्यात आईच्या जुन्या साडीचे तीन थर. दोन्हींवर दोन-दोन बोटांवर तिरक्या टिपा. फ्लीसचा ४० मिनिटांत झाला. साडीच्याला तास लागला, शिवाय एका कोपऱ्यात थर सरकून चुणी पडली ती पडलीच. हातात घेतल्यावर मात्र साडीचाच आवडला. वजन लागतं हाताला, आणि घडी घातली की पडून राहतो. फ्लीसचा सारखा उडी मारून उघडतो.

दोन्ही बादलीत टाकलेत. दर रविवारी टाकणार. दिवाळीला फोटो टाकते.

कोकणी_धुणं
तुमच्या उन्हात वाळवू नका. घरात दोरीवर वाळवा, मग मानेन.

नवशिकी_सुई
शेवटचा प्रश्न. पुण्यात प्रत्यक्ष दुकानात मिळते का? रविवार पेठेत विचारलं तर एकाने जॅकेटच्या आतलं लोकरी फ्लीस दाखवलं, दुसऱ्याने कॉलरचं फ्यूजिंग.

मशीनवाले_काका
नावाने मागू नका. कातरणताईंकडून तळहाताएवढा तुकडा घ्या आणि दुकानात दाखवा. नाहीच मिळाली तर गादीवाल्याकडून पातळ पॉलिफिल शीट (बिनगोंदाचा पॉलिएस्टरचा थर) आणा आणि कच्चे टाके घाला. मांडी घालता येते ना?