मदत हवी आहे: परसातल्या रायवळ कैऱ्यांचं आवकाय – मीठ-मोहरीचं नेमकं प्रमाण काय?

परसदार:
परसातल्या रायवळ झाडाच्या कैऱ्या या आठवड्यात उतरवायच्या आहेत, ५ किलोच्या आसपास निघतील. आपलं फोडणीचं लोणचं नकोय, आंध्रातलं कोयीसकट फोडींचं आवकाय घालायचंय. प्रमाणापाशी गाडी अडलीय. एका कृतीत मोहरीपूड, तिखट, मीठ तिन्ही सारखं. दुसऱ्या कृतीत मीठ निम्मंच. तेल कच्चं घालायचं की तापवून गार करून? काही कैऱ्यांची कोय सुरीने सहज कापली जातेय, वाऱ्याने पडलेल्याही बऱ्याच आहेत. त्या घेऊ का? मुक्काम सोलापूर.

गुंटूरवाट:
दोन्ही कृती बरोबर असू शकतात. एक वजनाची, एक भांड्याची. २४० मिलीच्या कपात मोहरीपूड जेमतेम १०० ग्रॅम मावते, तिखटही तेवढंच. बारीक मीठ मात्र त्याच कपात २५० ग्रॅमच्या वर जातं. त्यामुळे 'तिन्ही सारखं' हे वजनाने घ्यायचं. कपाने सारखं घेतलंत तर लोणचं तोंडात धरवणार नाही.

१ किलो फोडींना (कोयीच्या कवचासकट, आतलं बी काढून, फोडी केल्यावर केलेलं वजन) १५० ग्रॅम मोहरीपूड, १५० ग्रॅम तिखट, १५० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम अख्खी मेथी, थोडी हळद आणि अर्धा लिटर तिळाचं तेल. कैरी फार आंबट असेल तर तिखट-मीठ १०-२० ग्रॅमने वाढवा. मीठ १२५ च्या खाली आणू नका. वर्षभर टिकणं त्याच्यावरच आहे.

तेल कच्चंच, घाण्याचं. चिनी स्वयंपाकातलं भाजक्या तिळाचं काळपट तेल येतं ते अजिबात नको. परदेशात असणाऱ्यांची हमखास तिथेच गल्लत होते.

चिमूटभर:
कोयीबद्दल. आवकायाला कवच धरलेलीच कैरी लागते, फोडताना अडकित्त्याचा कट्ट आवाज यायला हवा. फोडीला कवचाचा आधार असतो म्हणून ती वर्षभर करकरीत राहते. सुरीने कापली जाणारी कोय म्हणजे कवच अजून धरलेलं नाही, ती फोड दोन महिन्यांत लगदा होते. उलट टोकाची पाडाला आलेली, आत पिवळसर कैरीही नको. आंबटपणा उतरलेला असतो आणि ती लवकर मऊ पडते.

पडलेल्या कैऱ्यांना मार लागलेला असतो, तिथूनच बुरशी धरते. त्या आणि कोवळ्या, दोन्ही वेगळ्या काढा. सोलून चकत्या करा, मीठ-हळद लावून तीन दिवस ठेवा, पिळून उन्हात वाळवा, सुटलेल्या पाण्यात परत घाला आणि तिखट, भाजलेल्या मेथी-मोहरीची पूड, गार केलेली फोडणी घाला. ते मागाय. तेही आंध्राचंच, आणि माझ्या मते भाताबरोबर आवकायापेक्षा सरस.

घरच्या विळीवर कोय फोडण्याच्या फंदात पडू नका. मंडईत कैरी फोडून देणारे असतात, मात्र धुऊन-पुसून कोरड्या केलेल्या कैऱ्याच न्या आणि फोडी कोरड्या कापडात आणा.

परसदार:
आभार. मोहरीची तयार डाळ दळली तर चालेल? आणि तिखट कोणतं?

गुंटूरवाट:
डाळ नको. दुकानात पडून तिचा झणका गेलेला असतो. बारीक लालसर मोहरी घ्या, दोन तास उन्हात ठेवा, भाजू नका. मोहरीचा झणका तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) ओलाव्याशी गाठ पडल्यावर तयार करतं. भाजली की ते विकर मरतं आणि उरतो फक्त भुसा. मिक्सरला थांबत थांबत फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका, चाळून घ्या.

तिखट गुंटूर सन्नम मिरचीचं. सगळं तेच घेतलं तर डोळ्यांतून पाणी काढेल. १०० ग्रॅम गुंटूर आणि ५० ग्रॅम ब्याडगी घेतलीत तर रंगही लालभडक येतो. सोलापुरात तेलुगू घरं भरपूर आहेत, पूर्व भागातल्या किराणा दुकानांत विचारा. घरचं मसाला घातलेलं तिखट इथे नको.

मीठ खडे मीठ, उन्हात कडकडीत तापवून कुटलेलं. आयोडीनने लोणचं बिघडत नाही. खड्या मिठाचा फायदा इतकाच की ते कोरडं करून घेता येतं.

लसूणपात:
फोडीच्या आतल्या बाजूला कागदासारखा पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकाने खरवडून काढा आणि प्रत्येक फोड कोरड्या फडक्याने पुसा. धुवायची कैरी, फोड नव्हे. फोडी एकदा पाण्यात गेल्या की काही खरं नाही.

आधी सगळ्या पुडी कोरड्याच एकत्र करा. मग मूठभर फोडी तेलात बुचकळायच्या, पुडीत घोळवायच्या, बरणीत टाकायच्या. प्रत्येक थरावर थोडी पूड. उरलेली पूड आणि किलोमागे सुमारे ३०० मिलीपर्यंतचं तेल वरून. बाकीचं तेल तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. बरणी चिनी मातीची किंवा काचेची, तोंडाला दादरा, म्हणजे बांधलेलं फडकं. कालवायला अॅल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं घेऊ नका.

लसूण हवा असेल तर किलोमागे ८०-१०० ग्रॅम सोललेल्या अख्ख्या पाकळ्या, तासभर पंख्याखाली सुकवून.

परसदार:
परवा घातलं, आज तिसरा दिवस. फोडी खाली बसल्यात, खार सुटलाय, पण तेल वर दिसत नाही. चव घेतली तर कडसर लागतंय. मोहरी जास्त झाली का?

गुंटूरवाट:
नाही. ताज्या मोहरीचा कडसरपणा असतोच, आठ-दहा दिवसांत तो आंबटात मुरतो. आत्ता गूळ वगैरे घालून बसू नका. कडूपणा तीन आठवड्यांनीही तसाच राहिला तर मग पापुद्रा राहिला असेल किंवा दळताना मोहरी तापली असेल. त्याला इलाज नाही.

आज कोरड्या लाकडी डावाने बुडापासून ढवळा, मीठ बहुतेक तळाशी बसलेलं असतं. मग खाराची चव घ्या. आत्ता तो जरा जास्तच खारट लागायला हवा, कारण फोडी अजून मीठ ओढणार आहेत. बेताचा लागला तर किलोमागे १५ ग्रॅम मीठ घाला. राखून ठेवलेलं तेल आज ओता.

परसदार:
तेल किती वर दिसायला हवं?

लसूणपात:
उद्या सकाळी फोडींवर बोटभर. पुडी तेल पितात, म्हणून आठवड्याने पुन्हा बघा आणि कमी वाटलं तर आणखी कच्चं तेल घाला. फोड तेलावर डोकं काढून राहिली की पांढरा थर तिथेच येतो. बुडबुडे आणि आंबूस वास आला तर मीठ कमी पडलंय असं समजा, लगेच वाढवा. केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर वरचं काढून खाली खाऊ नका, सगळंच टाका.

महिनाभराने मोठी बरणी न उघडता चालेल असं करा: आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढा आणि मोठीला परत दादरा बांधा. पावसाळ्यात तर नक्कीच.