तालुका लेवलला "ही मुलगीच नाही" म्हणून ऑब्जेक्शन घेतलंय, नियम नेमका काय आहे?

मावशी_सीमाभाग:

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या शाळांच्या ॲथलेटिक्सचं कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, जरा अर्जंट आहे.

माझ्या बहिणीची मुलगी नववीला आहे, मराठी शाळेत. ४०० आणि ८०० पळते. उंच आहे, खांदे रुंद, केस बॉयकट, आवाज थोडा जाड, आणि घरी म्हशीच्या धारेपासून उसाला पाणी लावण्यापर्यंत सगळं तीच करते त्यामुळं अंग कडक आहे. यंदा तालुक्याला ८०० मध्ये पहिली आली, लई मोठं अंतर टाकून आली, आणि मागच्या पोरींचे पालक टेबलाजवळ जाऊन भांडायला लागले की हा पोरगा हाय, पोरींच्यात कसा काय पळवला. ती तिथंच उभी होती पाणी पीत. तिथल्या एका जबाबदार माणसानं मग सांगितलं की जिल्ह्याला जायच्या आधी सरकारी डॉक्टरकडनं "मुलगी आहे" असं लिहून आणा, आणि एका कागदावर बहिणीची सही घेतली. कागद कन्नडमध्ये. बहीण बाजारात कन्नड बोलते पण वाचायला येत नाही तिला, कशावर सही केली ते तिला अजून धड माहीत नाही.

पोरगी तेव्हापासून ग्राऊंडला जाईना. शाळेत पण ओढणी अशी पसरून घेते की खांदे दिसू नयेत. बहीण रडायलीय, दाजी म्हणतात पळणं बंद करा, लग्नाच्या वेळी हेच लोक काढतील.

असं सर्टिफिकेट कुणी मागू शकतंय काय? आणि मनातलं सांगते, त्या पालकांचं अगदीच चूक असं पण मला म्हणवत नाही, खरंच कुणी मुलगा पळवला असता तर आमच्या पोरीचं पण नुकसानच होतं की. म्हणून नियम काय आहे ते समजून घ्यायचंय, नुसतं भांडायचं नाही.

पीटी_सर_रिटायर्ड:

ताई, पहिलं काम म्हणजे तो कागद कुणाकडनं तरी नीट वाचून घ्या आणि तोपर्यंत पोरीला कुठल्याही दवाखान्यात "तपासायला" नेऊ नका.

माझी सगळी सर्व्हिस पोरं-पोरी घेऊन तालुका, जिल्हा, डिव्हिजन फिरण्यात गेली. शाळेच्या स्पर्धेत ऑब्जेक्शन असतंय ते वयाचं, मोठा पोरगा लहान गटात घालायचा हा आपल्याकडचा जुना रोग आहे, त्यासाठी जन्मदाखला, बोनाफाईड, फोटोवर हेडमास्तरांची सही हे सगळं बघतात. मुलगा की मुलगी हे त्याच दाखल्यावर लिहिलेलं असतंय, तिथं विषय संपायला पाहिजे होता.

पेपरात जे जीन टेस्टचं येतंय तो नियम वर्ल्ड ॲथलेटिक्सचा, म्हणजे ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेचा. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, आणि त्यांच्या वर्ल्ड रँकिंगच्या स्पर्धांत बायकांच्या गटात उतरणाऱ्यांसाठी आहे. आयुष्यात एकदाच टेस्ट, गालाच्या आतनं कापूस फिरवायचा नाहीतर रक्त घ्यायचं, एवढंच. कपडे काढून अंग बघायचा त्यात विषयच नाही. त्याच महिन्यात टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तिथं तो पहिल्यांदा लागला. तो नियम दाखवून तालुक्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला नववीतल्या पोरीकडं काही मागता येत नाही.

येळ्ळूर_तालीम:

सर तुमचं बरोबर असंल पण नियम खालपर्यंत पाहिजेच असं माझं मत. पॅरिसला बघितलं की सगळ्यांनी, अल्जेरियाचा पुरुष बायकांच्यात बॉक्सिंग खेळला आणि इटलीची पोरगी ४६ सेकंदात रडत रिंगबाहेर आली. आम्ही कुस्तीवाले काट्यावर ग्रॅम ग्रॅम बघतोय, विनेशला १०० ग्रॅमसाठी फायनलमधनं बाहेर काढलं तेव्हा कुणी म्हणालं नाही की तिच्या मनाला काय वाटंल. मग इथं एकदा तपासलं तर काय बिघडतंय? ज्या पोरी हरल्या त्यांच्या बापानं पण खुराकाला पैसे घातलेत, पहाटे उठून सोडायला जातात ते. त्यांचं कोण बघणार?

माजी_रनर_शहापूर:

पैलवान, काट्यावर सगळ्याजणी चढतात. इथं काटा एकाच पोरीला लावलाय, ती जिंकली म्हणून आणि तिचे केस बारीक म्हणून. फरक बघा की.

आणि त्या अल्जेरियाच्या बॉक्सरचं, इमान खलिफचं, तेवढं नीट घ्या. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली, ट्रान्सजेंडर नाही. २०२३ ला दिल्लीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधनं तिला आयबीए ह्या बॉक्सिंग संघटनेनं बाहेर काढलं, २०२४ ला पॅरिसमध्ये आयओसीनं, म्हणजे ऑलिम्पिक समितीनं, खेळू दिलं आणि ६६ किलोत तिनं गोल्ड घेतलं. दोन संघटना, दोन निकाल, आणि मधल्या मध्ये त्या बाईला सगळ्या जगानं पुरुष करून टाकलं. २०२५ ला वर्ल्ड बॉक्सिंग ह्या दुसऱ्या संघटनेनं जीन टेस्ट सगळ्यांना सक्तीची केली. हेच आधी केलं असतं तर त्या दोन पोरींवर तसा प्रसंग आलाच नसता, इटलीच्या पण आणि अल्जेरियाच्या पण.

आता माझी बाजू सांगते, कारण मी बायकांच्या कॅटेगरीबद्दल एकदम कडक आहे. शंभर मीटरचा पुरुषांचा वर्ल्ड रेकॉर्ड ९.५८, बायकांचा १०.४९. वयात येताना टेस्टोस्टेरॉननं हाडं लांब होतात, स्नायू वाढतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं, त्यामुळं पळण्यात दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो आणि तो कितीही घाम गाळून भरून निघत नाही. बायकांचा गट वेगळा ठेवलाय तो ह्याच कारणासाठी, कौतुक म्हणून नाही. तो गट सैल केला की ट्रॅकवर बाई दिसणारच नाही. रिओला २०१६ मध्ये ८०० च्या पोडियमवर दक्षिण आफ्रिकेची सेमेन्या, बुरुंडीची नियोन्साबा, केनियाची वाम्बुई, आणि २०१८ चा टेस्टोस्टेरॉन कमी करायला लावणारा नियम आला तेव्हा तिघींनाही फटका बसला. सेमेन्यावर अन्याय झाला म्हणून सगळे हळहळतात, चौथी आलेली कॅनडाची मेलिसा बिशप कुणाच्या लक्षात पण नाही. मी चौथी आलेली पोरगी आहे म्हणून मला ते लागतं. २०१९ ला क्रीडा लवादानं स्पष्ट लिहिलंय की हा नियम भेदभाव करतो, तरी पण बायकांच्या गटासाठी तो गरजेचा आहे. दोन विरुद्ध एक असा निकाल होता, म्हणजे जजांना पण सोपं गेलं नाही.

पण हे सगळं वरच्या लेवलचं, लॅबमधलं, गुप्त ठेवायचं काम आहे. टेबलाजवळ ओरडून करायचं नाही.

निपाणीकर:

ताई तुमचं पटतंय पण "गुप्त ठेवायचं" हे आपल्या देशात कुणी ठेवलं ते सांगा की. शांती सौंदराजन, तमिळनाडूची, पुदुकोट्टईच्या खेड्यातली, वीटभट्टीवरच्या मजुरांची पोरगी. २००६ ला दोहाच्या एशियन गेम्सला ८०० मध्ये सिल्व्हर आणलं, टेस्टमध्ये फेल म्हणून मेडल काढून घेतलं आणि नाव टीव्हीवर फिरवलं. पुढं ती स्वतः वीटभट्टीवर काम करताना दिसली, नंतर कुठं जाऊन कोच झाली. तिनं कसली चोरी केली होती? गोळ्या खाल्ल्या होत्या काय, कागद खोटा दिला होता काय? जशी जन्मली तशी पळली.

मग द्युती चंद. २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थच्या तोंडावर टीममधनं काढली, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून. ती गप्प बसली नाही, लवादाकडं गेली आणि २०१५ ला तो नियमच थांबवून आणला, आंतरराष्ट्रीय संघटनेला सांगितलं की फायदा किती होतो त्याचा पुरावा आणा. त्यानंतर रिओला गेली आणि १०० मीटरच्या हीटमध्ये ११.६९ सेकंद पळून बाहेर पडली. एवढा जर पुरुषी फायदा होता तर तो त्या दिवशी कुठं गेला? वर्ल्ड रेकॉर्ड सोडा, फायनलच्या जवळपास पण नाही. तरी लोक तिला आजपण काय काय बोलतात.

माझं म्हणणं एवढंच, आधी नाव झाकायची व्यवस्था करा मग टेस्टचं बोला. आपल्या बेळगावच्या मलप्रभा जाधवनं २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समधनं कुराशचं (कुस्तीसारखा खेळ) ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांना अभिमान, आणि गल्लीतल्या पोरीच्या अंगात ताकद दिसली की संशय. अशानं कुठला बाप पोरगी ग्राऊंडवर पाठवणार.

डॉक्टर_टिळकवाडी:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे म्हणून लिहिते. सरकारी डॉक्टरनं बघून "मुलगी आहे" लिहायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? बाहेरून बघून जे कळतं ते जन्माच्या वेळी नर्सनं बघितलं आणि दाखल्यावर लिहिलं. खांदे आणि आवाज ह्यावरून कसलंही मेडिकल सर्टिफिकेट होत नाही. आणि अल्पवयीन मुलीला, तिच्या मनाविरुद्ध, स्पर्धेच्या कागदासाठी असं तपासायला कुठल्याही डॉक्टरनं साफ नकार द्यावा.

जी टेस्ट आता वर चालू आहे ती एसआरवाय नावाच्या जीनची. हा जीन वाय क्रोमोसोमवर असतो, गर्भात तो वृषणं तयार करायचा हुकूम देतो. पण हुकूम दिला म्हणजे शरीरानं ऐकलाच असं नसतं. काही मुलींमध्ये एक्सवाय क्रोमोसोम असतात, टेस्टोस्टेरॉन पण तयार होतं, पण पेशींना ते घेताच येत नाही, मग शरीर पूर्ण बाईचंच घडतं. खेळात फायदा शून्य. १९८५ ला स्पेनची हर्डल्सवाली मारिया होसे मार्टिनेझ पतिन्यो अशीच टेस्टमध्ये अडकली, सगळं गेलं तिचं, १९८८ ला परत मान्यता मिळाली पण ऐन भराची वर्षं गेलीच. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३३८७ जणींची तपासणी झाली, आठजणींची पॉझिटिव्ह आली, आणि आठही जणींना खेळू दिलं. त्यानंतर सिडनीच्या आधी आयओसीनं सरसकट टेस्ट बंदच केली. आताच्या नियमात ज्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात प्रतिसाद देत नाही अशा मुलींना सूट आहे हे चांगलं, पण ते सिद्ध करायला पुढच्या तपासण्या लागतात. हा जीन १९९० ला शोधणारे अँड्र्यू सिंक्लेअर स्वतः म्हणतात की नुसत्या ह्या टेस्टवर निकाल देऊ नका.

उलट बाजू पण आहे, शहापूरच्या ताईंचं खोटं नाही. काही प्रकारांत मुलगी म्हणून वाढलेल्या मुलीचं शरीर वयात येताना पुरुषासारखं टेस्टोस्टेरॉन बनवतं आणि वापरतंही. साधारण बायकांचं रक्तातलं प्रमाण दोन नॅनोमोल प्रति लिटरच्या आत असतं, पुरुषांचं सात-आठच्या वर सुरू होतं, मध्ये मोठी मोकळी जागा आहे. पीसीओएस (अंडाशयाचा हॉर्मोनचा त्रास) असलेल्या मुली, ज्या माझ्याकडं रोज येतात, त्यांचं थोडं वाढतं पण पुरुषांइतकं जात नाही. मग नियम कुठं ओढायचा हा खरा अवघड प्रश्न आहे आणि तो पोरीच्या शाळेत सुटणारा नाही.

मावशी, तुमच्या भाचीची पाळी नियमित असेल तर विषय सोडा. पंधरा पूर्ण होऊनही पाळीच आली नसेल तर कधीतरी शांतपणे दाखवा, पण तिच्या तब्येतीसाठी. त्याचा रिपोर्ट क्रीडा खात्याच्या फाईलला लावायचा नाही, शाळेत पण द्यायचा नाही.

येळ्ळूर_तालीम:

डॉक्टर तुम्ही सांगितलं ते समजलं, वाय असून पण बाईच असतंय हे मला माहीत नव्हतं. तरी एक राहतंय. उद्या खरंच कुणी पोरगा घातला तर हरणाऱ्या पोरीच्या बापानं तोंड उघडायचंच नाही काय?

पीटी_सर_रिटायर्ड:

उघडा की. पण लेखी, नावासकट, आणि दाखल्यावर शंका घ्या, अंगावर नको. शाळेचं रजिस्टर पहिलीपासून असतंय, खोटं असेल तर तिथंच सापडतंय. त्यासाठी पोरीला बोलवावं पण लागत नाही.

मावशी_सीमाभाग:

सगळ्यांचे लई आभार. कागद ओळखीच्या कन्नड टीचरनी वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की "पालक स्वखुशीने मुलीची वैद्यकीय तपासणी करून घेण्यास तयार आहेत." बहिणीला सांगितलेलं की ही बक्षीस मिळाल्याची सही. आता सही झालीय म्हणजे करावंच लागतंय काय? (पाळी नियमित आहे डॉक्टर, तेवढं बरं वाटलं वाचून.)

निपाणीकर:

मराठीत कागद दिला नाही ह्याच मुद्द्यावर धरा त्यांना, आपल्या भागात हे किती दिवस चालणार.

माजी_रनर_शहापूर:

ते भांडण खरं आहे पण वेगळं आहे, त्यात पोरीचं वर्ष जाईल. सही परत घेता येते. बहिणीच्या नावानं अर्ज करा, कन्नडमध्येच करा म्हणजे "समजलं नाही" म्हणायला जागा नको, मी टाईप करून देते, मेसेज करा. त्यात लिहायचं की मजकूर समजावून न सांगता सही घेतली, ही संमती मी मागं घेते, मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचा उतारा जोडलाय, कुणाचं लेखी ऑब्जेक्शन असेल तर त्याची कॉपी द्या. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्यायची. हेडमास्तरांना बरोबर न्या, एकट्या बहिणीला पाठवू नका.

आणि जिल्ह्याची एन्ट्री कधी बंद होते ते आजच विचारा. ह्या कागदाच्या भानगडीत ती तारीख निघून जाते, मग कुणाला काही करावं लागत नाही. नाव आधी घाला, अर्ज त्याच दिवशी द्या.