शब्दचर्चा : तपासणी, निरीक्षण की संनियंत्रण?

विटेकर : सांगलीत अनुवादाची कामं करतो. सध्या पोलीस प्रशिक्षण संस्थांची गुणवत्ता कशी जोखावी, यावरचा मजकूर हातात आहे. इन्स्पेक्शनला मी ‘निरीक्षण’ लिहिलं. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या मामांनी लगेच खोडलं. म्हणाले, “निरीक्षण पाखरांचं करतात. संस्थेची तपासणी लागते.” मग ‘पोलीस निरीक्षक’ कुठून आला? आणि मॉनिटरिंगला काय लिहू?

तासगावकर काका : मामा बरोबर आहेत. खात्यात ‘वार्षिक तपासणी’च म्हणतात. आमच्या तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. अशा केंद्रात शिकवणीचे दोन भाग असतात, आंतरवर्ग आणि बाह्यवर्ग. कायदा वर्गात, कवायत मैदानावर. तपासणीत दोन्ही बघावं लागतं. मी कारकुनीत आयुष्य काढलं, म्हणून दप्तर तपासणीचं सांगतो. नोंदवह्या टेबलावर ओळीनं लावायच्या, साहेब पान उलटतात, बोट एका ओळीवर थांबतं आणि समासात शेरा पडतो. त्या शेऱ्याची पूर्तता लेखी कळवावी लागते. ‘निरीक्षण’ म्हटलं की ही पूर्तता डोळ्यांपुढं येत नाही.

माई, मिरज : विटेकर, निरीक्षण, परीक्षण, पर्यवेक्षण हे सगळे ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूचे. उपेक्षाही त्यातलीच. ‘निरीक्षक’ पदनाम म्हणून रुळला, पण क्रिया म्हणून ‘निरीक्षण’ आता नुसतं बारकाईनं पाहणं उरलंय. ‘पाहणी’ त्याहून सैल. पाहणी पूरग्रस्त भागाचीही होते, तिथं कोणी चुका काढायला जात नाही. तपासणीत मात्र आधी ठरलेलं माप असतं.

मॉनिटरिंगला शासकीय मराठीत ‘संनियंत्रण’ आहे. ‘सं’वरचा अनुस्वार विसरू नका, ‘सनियंत्रण’ असं सर्रास छापतात. तरी मला तो शब्द पटत नाही. नियंत्रण म्हणजे ताबा, आणि इथं ताबा अभिप्रेतच नाही. रोजचं लक्ष हवंय. ‘देखरेख’ लिहा.

तासगावकर काका : देखरेख मुकादमाची वाटते हो माई. पण अर्थ पोचतो, हे खरं.

कराडचा सदाशिव : तिसरा शब्द सुटतोय, मूल्यमापन. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करायला 1971 मध्ये गोरे समिती नेमली होती, म्हणजे प्रश्न जुना आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारच्या क्षमता बांधणी आयोगानं नागरी सेवा प्रशिक्षण संस्थांसाठी राष्ट्रीय मानकं आणली. त्यांच्या आठ स्तंभांत प्रशिक्षणाचं मूल्यमापन आणि गुणवत्तेची हमी हा वेगळा स्तंभ आहे. तपासणीत मैदान, मेस, वह्या दिसतात. शिकून गेलेला शिपाई ठाण्यात तक्रार घ्यायला बसल्यावर समोरच्या बाईचं पुरतं ऐकून घेतो का, हे मूल्यमापनातच कळणार. माझ्या मते खरी गुणवत्ता तिथंच आहे, म्हणून हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आणि मानकं पाळल्याबद्दल जे अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं, त्याला ‘मानांकन’ म्हणा. ‘अधिस्वीकृती’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला पत्रकारांचं कार्ड आठवेल.

विटेकर : आभार. वाक्य असं बदललं : ‘संस्थेची तपासणी वर्षातून एकदा, देखरेख रोज, आणि मूल्यमापन प्रशिक्षणार्थी ठाण्यात रुजू झाल्यावर.’ मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘प्रशिक्षणार्थी’ खोडून ‘पोरं’ करायला सांगितलं. तेवढं मात्र मी केलं नाही.