१ टीबी क्यूएलसी की ५०० जीबी टीएलसी?

काळाचहा: जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) टाकायची आहे. दुकानदार म्हणतो, थोडे पैसे वाढवा, ५०० ऐवजी १ टीबी घ्या. ती क्यूएलसी आहे, म्हणजे प्रत्येक मेमरी-सेलमध्ये चार बिट, टीएलसीत तीन; म्हणून माझा विरोध. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ, १ टीबी बघा. पहिले ४२ जीबी सुसाट लिहिते, कॅशे (लिहिण्यासाठीचा वेगवान तात्पुरता भाग) भरली की थेट सेकंदाला ८० एमबी! एका सेलमध्ये तीनाऐवजी चार बिट कोंबल्यावर दुसरं काय होणार? ५०० जीबी टीएलसीच घ्यावी.

दिवाभीत: एका दमात ४२ जीबी कोण लिहितं हो? लग्नाचे व्हिडिओ एडिट करता का? विंडोज चालू होणं, ब्राउझर, टॅली हे मुख्यतः बारीकसारीक वाचन. त्यात क्यूएलसीसुद्धा हार्ड डिस्कला कुठल्या कुठे मागे टाकते.

काळाचहा: आणि आयुष्य? त्याच क्यूव्हीओची हमी ३६० टीबी लिखाणाची, १ टीबीच्या टीएलसी ८७० इव्होची ६००.

दिवाभीत: रोज ४० जीबी लिहिलंत तरी ३६० टीबीला चोवीस वर्षं लागतील. तोवर लॅपटॉपची बिजागरी तरी शाबूत राहील का?

उंबरठा: दोघंही एक विसरताय. ती ४२ जीबी कॅशे ड्राइव्ह रिकामी असतानाची. त्यातली फक्त ६ पक्की, बाकीची मोकळ्या जागेतून उसनी घेतलेली. ड्राइव्ह गच्च भरली की ती आटते. पंधरा-वीस टक्के जागा सोडा.

काळाचहा: म्हणजे माझाच मुद्दा.

दिवाभीत: उलट! तुमची ५०० जीबी आधी भरेल.

चकलीभाजणी: माझा भाऊ दर महिन्याला डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायला सांगतो. करू का?

उंबरठा: नको, तो हार्ड डिस्कचा इलाज. एसएसडीला ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा आता नको, हे ड्राइव्हला कळवणं) लागतं, विंडोज ७ पासून ते आपोआप होतं. फर्मवेअरचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचे अपडेट मात्र बघत जा. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडत होत्या. दोष फर्मवेअरचा होता, सेल धडधाकट.

दिवाभीत: हे मान्य. आणि झिजलेली एसएसडी फोटो भरून कपाटात टाकू नका. लिखाणाची मर्यादा संपल्यावर विजेविना ३० अंशांत वर्षभर डेटा टिकावा, एवढीच जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा. आपल्याकडचा मे महिना ३० अंशांत कुठला मावायला!

काळाचहा: बॅकअपला जुनी हार्ड डिस्क आहेच, यूएसबी केसमध्ये घालतो. टीएलसीच घेतोय. दुकानदार रुसला तर रुसू दे.

दिवाभीत: घ्या. दिवाळीपर्यंत "जागा कशी करावी" असा धागा काढालच.