मदत हवी आहे: पुण्यातल्या कुठल्या बागा बघू? सोमवारच्या आत सांगा

रानजाई: घरामागच्या जागेत बाग करायची आहे. माळीबुवा सोमवारी येणार आणि त्यांना सांगायला माझ्या डोक्यात काहीच नाही. फोटो बघून बघून सगळ्या बागा सारख्याच दिसायला लागल्यात. शनिवार-रविवारी प्रत्यक्ष बघून काही सुचेल अशा जागा सांगा. आईलाही नेणार आहे, तेवढंच तिचं फिरणं होईल. सारसबाग नको, लहानपणापासून बघतेय.

कोथरूडकर: जागा केवढी? ऊन किती? त्याशिवाय काय सांगणार?

पर्वतीपायथा: पु. ल. देशपांडे उद्यान, सिंहगड रस्ता. दुसरीकडे जाऊच नका. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलंय, आणि ती मूळ बाग १७०० साली पूर्ण झालेली. एका जागी उभं राहून सगळं दिसत नाही, हे तिथे नीट बघा. वाट वळते, मध्ये उंचवटा नाहीतर छाटलेलं झुडूप येतं आणि मग पाणी दिसतं. वळणावर थांबून मागे बघितलंत की कशामुळे काय झाकलंय ते कळेल.

सदाफुली: आणि त्या हिरवळीला मे महिन्यात पाणी कोण घालणार? आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्यापेक्षा रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन बघा. जुन्या मोठ्या झाडांच्या सावलीत काय टिकतं ते तिथे कळतं.

पर्वतीपायथा: हिरवळ करा असं मी म्हटलेलंच नाही. वळण बघा म्हटलं.

फिरस्ता: एकदा श्रीनगरचं निशात बघाच. डोंगरउतारावर टप्प्याटप्प्याने खाली येणारं पाणी आणि समोर दल सरोवर! एप्रिलमध्ये जा.

रानजाई: मी पुण्यातलं विचारलंय, तेही या शनिवारचं! जागा १० फूट रुंद, ४५ फूट लांब. एकीकडे आमचं घर, दुसरीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन सकाळी दोनेक तास. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार चालवणार नाही.

हिरवाकोपरा: आधी ओल्या कचऱ्याचं खत सुरू करा. नारळाच्या शेंड्या, सुका पाला आणि थोडं आंबट ताक. वास येत नाही.

कोथरूडकर: हे आधी सांगायला हवं होतं. तुमची जागा म्हणजे बोळ आहे, मग बोळासारखीच बाग बघा. कोरेगाव पार्कातलं ओशो तीर्थ, ज्याला लोक नाला पार्क म्हणतात. नाल्याच्या काठाने केलेली लांबट बाग आहे. बांबूची बेटं, दाट पाला आणि त्यातून जाणारी वाट. भिंतीलगत सरळ फरशी टाकलीत तर ४५ फूट एका नजरेत संपतील. वाट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्या आणि वळणाच्या पोटात झुडूप लावा. खाली नेचे आणि मॉन्स्टेरा. दोन तासांच्या उन्हात हिरवळ विरळ पडेल, तो खर्च करू नका. दुपारी बऱ्याच बागा बंद असतात, सकाळीच निघा. आईंना बाकांवर बसत बसत बघता येईल.

सदाफुली: बांबू भिंतीलगत? मुळं पसरली की शेजारी भांडायला येतील.

कोथरूडकर: बेट करून वाढणारा घ्यायचा, तो पळत नाही.

रानजाई: शनिवारी नाला पार्क, रविवारी पु. ल. उद्यान, ठरलं. वळणावर कुंती चालेल का? आईला वास आवडतो.

सदाफुली: चालेल. फुलं कमी येतील, पण पाला दाट राहतो. जास्त छाटू नका, कळ्याच कापल्या जातात.