जर्मनीतील शाळा आणि आपली गणिताची रीत

प्रश्न:
आम्ही पुण्याहून जर्मनीला आलो असून मुलगी चौथीत आहे. तिची उत्तरे बरोबर असूनही, ८४ भागिले ४ हे गणित तिने कंस घालून आपल्या पद्धतीने सोडवले की शिक्षिका ते पुन्हा करायला सांगतात. घरी तिला कोणती रीत शिकवावी?

प्रतिसाद १:
येथे ते ८४ : ४ = २१ असे लिहितात; भागाकार बरोबरच्या चिन्हापुढे येतो आणि पायऱ्या खाली उतरतात. त्याहून मोठा घोळ दशांशाचा आहे, कारण आपण २.५ लिहितो तेथे २,५ लिहितात आणि हजारांसाठी टिंब देतात, म्हणजे १.२५० ही संख्या आपल्या मुलाला सव्वा वाटते, तर शिक्षिकेला साडेबाराशे. चिन्हांचे हे फरक पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावेत.

प्रतिसाद २:
वजाबाकीही पाहून घ्या. काही राज्यांत ५२ वजा २७ करताना ‘७ मध्ये किती मिळवले की १२’ असे विचारतात, ५ लिहितात, खालच्या २ मध्ये हातचा १ मिळवून ३ करतात आणि मग ३ पासून ५ पर्यंत मोजतात. आपण मात्र वरच्या दशकातून उसना घेतो. दोन्ही रीती शास्त्रशुद्ध आहेत.

प्रतिसाद ३:
माझ्या मते घरची रीत बंद करू नये. पाढे मराठीतच राहू द्यावेत (तोंडी हिशेबाला तेच लवकर आठवतात), वहीत मात्र शाळेची मांडणी असावी. शिक्षिकेला मुलीची जुनी वही दाखवा. अडचण गणिताची नसून मांडणीची आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल.