एकाच मोडक्या शंखावरून नवी प्रजाती जाहीर करावी का?

कातळवाट
कच्छमध्ये छसराच्या मायोसीन काळातल्या थरांत टरिटेला इतके पडलेले असतात की चालताना पायाखाली येतात. लांब, निमुळता, स्क्रूसारखा पिळाचा समुद्री शंख. वय साधारण दोन कोटी वर्षं. गेल्या हिवाळ्यात माझ्या सोबत्याने त्यातला एक उचलला. त्यावरच्या आडव्या कण्यांची (उठावदार रेघांची) ठेवण माहितीतल्या कुठल्याच प्रजातीशी जुळत नाही, म्हणून तो नव्या प्रजातीचं वर्णन लिहायला बसलाय. नमुना एकच, शेंडा तुटलेला, तोंडाची कडाही गेलेली. मसुद्यावर दुसरं नाव माझं आहे आणि मी सही करायला तयार नाही.

कारण सांगतो. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावर लिटोरिना सॅक्सॅटिलिस नावाची गोगलगाय आजही जिवंत आहे. लाटांचा मारा असेल तिथे ती लहान, पातळ कवचाची आणि रुंद तोंडाची. खेकडे जास्त असतील तिथे मोठी आणि जाड. या एकाच प्राण्याला आजवर शंभराहून जास्त नावं दिली गेली! डोळ्यांदेखत सरपटणाऱ्या प्राण्याबाबत असं होतं, तर आपल्या हातात फक्त कवच आहे, तेही अर्धं.

सागरगोटी
दादा, उदाहरण तुम्हीच दिलंत, पण अर्धंच दिलंत. त्याच किनाऱ्यावर, त्याच खडकांवर लिटोरिना अर्काना राहते. सॅक्सॅटिलिस पिल्लांना जन्म देते, अर्काना अंडी घालते. प्रजाती दोन, आणि कवचं शेजारी ठेवली तर जाणकारही चुकतात. म्हणजे कवच जसं खोटा फरक दाखवतं तसं खरा फरक लपवतंही. मग जिथे कवचावरच फरक दिसतोय तिथे आपण डोळे का मिटायचे?

नाव दिलं नाही तर काय होतं तेही बघा. यादीत ‘टरिटेला, प्रजाती अनिश्चित’ अशी एक ओळ पडते आणि नमुना खणात जातो. त्या ओळीवर पुढे कोणी काम करत नाही.

मोजपट्टी
प्राण्यांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या बाजूने लिहितो. २००० पासून नव्या प्रजातीला नाव बांधणारा नमुना, बहुधा एकच (होलोटाइप), ठरवून द्यावाच लागतो, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही लिहावं लागतं. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या ती जुनीच प्रजाती निघाली तर जुनं नाव टिकतं, नवं त्याचं समानार्थी होतं. त्यामुळे एक नमुना असणं हा गुन्हा नाही.

कातळवाट
नियमात बसतं म्हणून करावं, हे मला पटत नाही. चुकीचं नाव एकदा सुटलं की परत आणायला पिढ्या जातात. अमेरिकेत वायोमिंगचा एक सुंदर तपकिरी दगड ‘टरिटेला अगेट’ म्हणून विकला जातो. त्यातले शंख टरिटेला नाहीतच, एलिमिया टेनेरा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे. तो समुद्र नव्हता, तळं होतं. बाजारात नाव मात्र तेच चालू आहे. आणि आपल्या कामात तर नावं मोजूनच ‘या काळात प्रजाती वाढल्या’ असे आलेख निघतात.

सागरगोटी
ते व्यापाऱ्यांचं नाव आहे, वर्णनाचं नाही. वर्णन नीट असेल तर चूक सापडते. जीवाश्मतज्ज्ञ स्टोलिच्कांनी १८६७-६८ मध्ये त्रिचनापल्लीकडच्या क्रिटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या) थरांतल्या शंखांची वर्णनं लिहिली. त्यातली नावं बदलतात, पण वर्णनं आणि चित्रं उघडल्याशिवाय आजही पान हलत नाही.

पिळदार
मी जीवाश्म साफ करून अभ्यासासाठी तयार करायचं काम करते, म्हणून हाताखालचं सांगते. टरिटेलात नुसत्या कण्या मोजून भागत नाही. कोवळ्या वेढ्यांवर कुठली कणी आधी उमटली, हा क्रम महत्त्वाचा, आणि तो शेंड्याजवळ असतो. तुमचा शेंडा गेलाय. दुसरी खूण वाढरेषांची. त्या वेढ्यावरून खाली येताना कुठे मागे वळतात ते बघायचं. सुईने माती काढा, अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर द्या, दिवा एका बाजूने तिरका लावा. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या भागावर रेषा उभ्या राहतात. तोंड तुटलं तरी त्याची कडा कशी होती ते आधीच्या वेढ्यांवरच्या याच रेषा सांगतात. हे न करता ‘करा’ किंवा ‘करू नका’ दोन्ही म्हणू नये.

कातळवाट
ताई, हे केलेलं नाही. कबूल. तोंडाबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो. शेंड्याचा राहतो. डिसेंबरात त्याच थरावर परत जातोय. लहान, कोवळे शंख चाळणीने गोळा करणार. शेंड्यासकट चार-पाच जरी मिळाले आणि कण्या तशाच उमटलेल्या दिसल्या, तर सही करेन.

सागरगोटी
आणि नाही मिळाले तर? नदीकाठचा थर आहे, एका पावसाळ्यात ढासळतो. तुम्ही सही करू नका हवं तर, पण सोबत्याला अडवू नका. वर्णन, मापं आणि चारही बाजूंचे फोटो तरी या वर्षी छापून येऊ द्या.

कातळवाट
वर्णन छापायला माझी ना नाही. त्यावर नवं नाव नको, एवढंच.